फोटोतली सहा इंची पट्टी

चंद्रमौळींनी नोकरीच्या उभ्या आयुष्यात एकही प्रसन्न फोटो काढला नव्हता. यात त्यांचा काही दोष नाही. ते विम्याच्या कामातले सर्व्हेअर होते. जळालेलं वाणसामानाचं दुकान, उलटलेला उसाचा ट्रक, पुरात भिजलेल्या रेशमाच्या गाठी, असल्या गोष्टी फोटोसाठी हसत नाहीत. नुकसानीशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवायची, म्हणजे भेग किती आणि पोचा किती ते फोटोतच कळतं, आणि बटण दाबायचं. अख्ख्या म्हैसुरात त्यांच्या फोटोवर कुणी कधी शंका घेतली नव्हती. तेव्हा "विक्रीसाठी घराचे फोटो मीच काढणार," असं त्यांनी जाहीर केलं, त्याच क्षणी त्यांच्या बायकोने, पंकजाम्मांनी, हात जोडून नको म्हणायला हवं होतं. पण त्या वेळी त्या जिन्यात होत्या, आणि जिन्यात असताना त्यांना बोलायला दम उरत नसे.

हा जिनाच सगळ्या प्रकरणाचं मूळ. सरस्वतीपुरममधलं हे घर चंद्रमौळींनी स्वतः आखून बांधून घेतलेलं. खाली स्कूटर, मोडकी सायकल आणि अडगळ. राहायचं सगळं वर. "वर हवा येते," असं ते तेव्हा म्हणाले होते. हवा येते, त्याबद्दल वाद नाही. पण दूध खाली येतं, भाजी खाली येते, तुळसही खालीच. पंकजाम्मांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. जिन्याच्या वळणावर त्यांनी एक वेताचं स्टूल ठेवलं होतं. चढताना तिथे बसायचं, गुडघे चोळायचे, आणि हे घर ज्याने आखलं त्याच्या अकलेविषयी चार शब्द मोठ्याने बोलायचे, असा रोजचा नेम. ज्याने आखलं तो वर पंख्याखाली पेपर वाचत असे आणि त्याला सगळं ऐकू जात असे.

अशात पंकजाम्मांची शाळेपासूनची मैत्रीण सर्वमंगला हिने आपलं कुवेंपुनगरमधलं बैठं घर विकायला काढलं. एकही पायरी नाही, दारात पारिजातक, स्वयंपाकघरातून चार पावलांवर तुळस. सर्वमंगला म्हणाली, "पंकजा, विजयादशमीपर्यंत थांबते तुझ्यासाठी. त्यानंतर मी लेकाकडे चालले. दुसरं एक गिऱ्हाईक रोज मिठाईचा डबा घेऊन दारात उभं असतं, त्याला किती दिवस टोलवू?" आपलं घर विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं. म्हणजे दसऱ्याच्या आत घर विकलं तर तुळस चार पावलांवर, नाहीतर उरलेलं आयुष्य स्टुलावर. इतका सरळ मामला होता.

चंद्रमौळी कामाला लागले. सकाळच्या उन्हात कॅमेरा काढला, पट्टी पुसली आणि घराचे फोटो काढून घरविक्रीच्या वेबसाइटवर चढवले. संध्याकाळी पंकजाम्मांनी ते पाहिले. पहिला फोटो हॉलच्या खिडकीखालच्या भेगेचा. शेजारी पट्टी. दुसरा मोरीच्या फुटक्या फरशीचा. पट्टी. तिसऱ्यात कठड्याचा गंज, चौथ्यात छताला आलेली ओल, नकाशासारखी, आणि तिच्याखाली शिडीवर चढून धरलेली पट्टी, सोबत चंद्रमौळींचा अंगठा.

"अहो, घर कुठाय यात?"

"हे काय, घरच आहे."

"हे घर नाही, हा पंचनामा आहे. कोण घेईल हे?"

"जो घेईल तो डोळे उघडे ठेवून घेईल," चंद्रमौळी म्हणाले. "उद्या कुणी म्हणायला नको की लपवलं."

खिडकीखालच्या त्या भेगेविषयी थोडं सांगायला हवं. घर बांधलं त्याच वर्षी ती पडली, आणि तेव्हापासून दर उगादीला, कडुलिंब-गूळ खाऊन झालं की, चंद्रमौळी तिचा पट्टीसकट फोटो काढत आले होते. लोक मुलांचे वाढदिवस करतात तसा हा भेगेचा. लेकीच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा भेगेचा अल्बम जाड आहे, असं पंकजाम्मा पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांना ती थट्टा वाटे.

वेबसाइटवरून पहिला फोन आला तो घर पाडून देणाऱ्या ठेकेदाराचा. दुसऱ्याने अतिशय मायेने विचारलं, "कुणाला लागलं वगैरे नाही ना?" तिसरा फोन आलाच नाही.

तिसऱ्याच्या जागी आला श्रीवत्स, पंकजाम्मांचा धाकटा भाऊ. हा जमिनी आणि घरांची दलाली करायचा, गळ्यात सोन्याची साखळी घालायचा, आणि बहिणीच्या नवऱ्याला शहाणं करून सोडणं हे आपलं कर्तव्य मानायचा. "भावोजी, माझा एक फोटोवाला आहे. आभाळ निळं करून देतो, भिंती पांढऱ्या, आणि हवं तर अंगणात हिरवळ."

"अंगण नाहीच आपल्याला."

"तो अंगणही देतो."

"नको," चंद्रमौळी म्हणाले. "मी आयुष्यात खोटा फोटो काढलेला नाही."

"मग काढा खरे. दसऱ्यापर्यंत बघू. नाही विकलं तर ताई स्टुलावर आणि मी काही बोलणार नाही," असं म्हणून श्रीवत्स पुढे अर्धा तास बोलला.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या नागरत्नम्मा काठी टेकत आल्या. त्यांनी चंद्रमौळींना लहानपणी चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे अरेतुरे हा त्यांचा हक्क होता. "अरे चंद्रमौळी, अक्कल गहाण ठेवलीस का? सगळ्या जगाला घर दाखवतोस, दृष्ट लागेल म्हणून कळत नाही? म्हणून विकलं जात नाहीये." त्यांनी समोर उभं राहून दारावर कोहळा टांगून घेतला. मग हॉलच्या दारावर एक, आणि उरलेला स्वयंपाकघरात. फोटो नव्याने काढले तेव्हा कुठूनही काढला तरी मध्ये कोहळा येऊ लागला. एका बाईंनी फोन करून कोहळे काय भावाने देता असं विचारलं.

समोरच्या मरिस्वामींचं मत वेगळं होतं. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि त्यांच्याकडे मोबाइलला लावायचं एक चिमट्याचं भिंग होतं, ते लावलं की खोली दुप्पट रुंद दिसे. चंद्रमौळी तत्त्वाचे पक्के, पण तोवर नवरात्र तोंडावर आलेलं आणि जिन्यातून रोज चार शब्दांऐवजी आठ ऐकू येऊ लागलेले. त्यांनी डोळे मिटून होकार दिला. मरिस्वामींनी फोटो काढले. न्हाणीघरात लग्नाची पंगत बसेल असं दिसू लागलं. त्या फोटोंना भुलून एक कुटुंब खरोखर आलं. गृहस्थांनी न्हाणीघराचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि नम्रपणे विचारलं, "उरलेलं कुठं आहे?" चंद्रमौळींना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या माणसाने परक्यांची खोटी नुकसानी पकडण्यात हयात घालवली, त्याला स्वतःच्या न्हाणीघरात पकडलं जावं? त्यांनी त्याच दुपारी मरिस्वामींचे सगळे फोटो काढून टाकले आणि भेगा परत चढवल्या.

फक्त हॉलचा एक मोठा, खरा आणि चांगला फोटो हवा, हे मात्र त्यांनाही आता पटलं. हॉल खरंच देखणा होता. लांबरुंद, दोन्ही बाजूंनी उजेड. कॅमेरा घेऊन ते आत गेले आणि दारातच थांबले. पंकजाम्मांनी बाहुल्या मांडल्या होत्या.

आता म्हैसुरात नवरात्रात बाहुल्या मांडायच्या नाहीत तर काय करायचं? हॉलच्या मधोमध नऊ पायऱ्या, वर पांढरी चादर, सगळ्यांत वर रक्तचंदनाचे राजा-राणी, पंकजाम्मांना लग्नात आईने दिलेले. खाली दशावतार, शेषावर पहुडलेले रंगनाथ, तराजू घेतलेला वाणी आणि त्याची गलेलठ्ठ बायको, राजवाड्याची मिरवणूक, आणि अगदी खालच्या पायरीवर लेकीने लहानपणी हट्टाने घेतलेला क्रिकेटचा संघ.

"हे थोडं बाजूला..." चंद्रमौळी म्हणाले.

"एकदा बसवल्या की दशमीपर्यंत हलत नाहीत," पंकजाम्मा म्हणाल्या. "तुम्ही हलवून बघा."

चंद्रमौळींनी हलवून पाहिलं नाही. वर एक चादर टाकून पाहिली, तर फोटोत आत कुणीतरी वारल्यासारखं दिसू लागलं. शेवटी त्यांनी बाहुल्यांसकट फोटो काढला. खरं आहे ते आहे. फोटो चढवला, आणि लगेच परत आला. शेरा होता की फोटोत माणसं आहेत, माणसं नसलेला फोटो द्यावा.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे दूर कुठल्या तरी शहरातली एक अतिशय गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, आपल्या हॉलमध्ये खूप माणसं बसलेली आहेत."

"त्या बाहुल्या आहेत हो."

"सर, सिस्टीम चेहरे दाखवतेय. सगळे बसलेत का?"

"काही बसलेत, काही उभे आहेत. एक आडवे झालेत."

"त्यांना बरं नाहीये का, सर?"

"ते रंगनाथ आहेत. ते तसेच असतात."

"ओके सर. मग सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगाल का?"

"त्यांना दशमीपर्यंत हलवता येत नाही. माझी बायको हलवू देत नाही."

"सर, म्हणजे भाडेकरू आहेत? मग प्रत्येकाचं संमतिपत्र आणि ओळखपत्र जोडावं लागेल."

चंद्रमौळी फोन ठेवून पलंगावर बसले. त्यांना आठवलं, की एकदा आगीत खाक झालेल्या दुकानाच्या मालकाकडे त्यांनी स्वतः मालाच्या मूळ पावत्या मागितल्या होत्या, आणि तो माणूस बराच वेळ त्यांच्याकडे नुसता बघत राहिला होता. त्याचा चेहरा आता त्यांना पहिल्यांदा नीट समजला.

पण हाडाचा सर्व्हेअर तो. तासाभराने उठले, पट्टी घेतली आणि राजाच्या शेजारी उभी केली. राजा पट्टीहून बोटभर कमी भरला. फोटो काढला, सोबत अहवाल लिहिला: "प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर व्यक्ती लाकडाच्या असल्याचे आढळले. कुटुंबप्रमुखाची उंची फोटोत दिसते त्याप्रमाणे. श्वासोच्छ्वास आढळला नाही. क्रिकेटचा संघ मातीचा आहे." खाली सही, आणि जुन्या सवयीने परवाना क्रमांक. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही फोटो मंजूर झाले, आणि वेबसाइटने काय मनात आणलं कोण जाणे, राजा आणि पट्टी यांचा फोटो सगळ्यांत वर लावला.

मग लोक आले. आले म्हणजे काय, लोटलेच. नवरात्रात बाहुल्या बघायला कुणाच्याही घरी जावं अशी इथली रीतच, त्यात या घराचा पत्ता आयता छापलेला. बायका, नाती, शेजारणी नटूनथटून जिना चढू लागल्या. पट्टी लावलेला राजा कुठला, असं विचारत हॉलमध्ये शिरू लागल्या. रीतीप्रमाणे प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं, हळदीकुंकू आणि द्रोणात चण्याची उसळ घ्यायची. पंकजाम्मांनी भिजवलेले चणे संपले, नागरत्नम्मांकडचे संपले, मग मरिस्वामींना पिशवी देऊन दुकानात पिटाळलं. चंद्रमौळी दारात उभे राहून प्रत्येकाला विचारत, "घर बघायला?" आणि प्रत्येकजण म्हणे, "छे, बाहुल्या." एका आजींनी तर त्यांच्या हातात चपला दिल्या आणि नीट ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवल्या.

नवमी उजाडली तरी गिऱ्हाईक नव्हतं. नवमी म्हणजे आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार त्याला त्या दिवशी गंध-फूल. पंकजाम्मांनी स्कूटरला झेंडूची माळ घातली, मिक्सरला कुंकू लावलं, विळीला लावलं, कॅमेऱ्यालाही लावलं. पट्टी चंद्रमौळींनी दरवर्षीसारखी ताटात ठेवली होती. पंकजाम्मांचं बोट पट्टीपर्यंत आलं, थांबलं आणि पुढच्या कात्रीवर गेलं. चंद्रमौळींना ते आठ शब्दांपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी त्या तुळशीला दिवा लावून वर येत होत्या. वळणावर स्टुलावर बसल्या, नेहमीसारखे गुडघे चोळले, पण बोलणं काही आलं नाही. चंद्रमौळी स्वतःहून खाली आले आणि दोन पायऱ्या वर उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. सर्वमंगलेला उद्या फोन करून सांगते, माझ्यासाठी थांबू नकोस म्हणून." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "तुम्हाला खोटं जमत नाही, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं लोकांनी. मलाच वाटलं, चांगलं आहे."

चंद्रमौळींना फार वाईट वाटलं. श्रीवत्सला फोन करावा, आभाळ निळं करून घ्यावं, अंगण मागवावं, असं त्यांच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात खालून पावलं वाजली. एक उंच, सडसडीत बाई जिना चढत होत्या, मागे वेण्यांत मोगरा माळलेल्या मुलींची रांग.

"पट्टीवाल्या राजाचं घर हेच ना? मी ललितांबा. भरतनाट्यम शिकवते. या माझ्या विद्यार्थिनी. बाहुल्या बघायच्या होत्या."

पंकजाम्मा उठल्या. दारात आलेल्या सुवासिनीला परत कसं पाठवायचं? हॉलमध्ये समया लावल्या, उसळ आली. रीतीप्रमाणे काही म्हणा, असं पंकजाम्मा म्हणाल्या. मुलींना गाण्यापेक्षा नाचता बरं येत होतं. ललितांबांनी मांडीवर ताल धरला, मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि एकदम पावलं पडली. समोरचा वाणी हलला, त्याची बायको हलली, क्रिकेटचा यष्टिरक्षक आडवा झाला. चंद्रमौळींनी चटकन खिडकीखाली पाहिलं. भेग होती तिथे होती.

नाच संपला. ललितांबा मान तिरकी करून कसला तरी कानोसा घेत होत्या.

"कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या.

"कोण यायचंय अजून?" पंकजाम्मांना उसळीची चिंता पडली.

"खालचे. भांडायला. मी जिथे जाते तिथे खालचे वर येतात. मागच्या घरी खाली वकील होते, त्यांच्या सांबारात चुना पडला. त्याआधीच्या घरी खाली सासूबाईंचा देव्हारा. बैठं घर घेतलं तर हॉल एवढासा. तुमच्या खाली कोण राहतं?"

"खाली?" चंद्रमौळी म्हणाले. "खाली स्कूटर राहते."

ललितांबांनी उसळीचा द्रोण खाली ठेवला. "आणि रात्री?"

"रात्रीही तीच. एक मोडकी सायकल आहे, पण तिची कधी तक्रार नसते."

ललितांबांनी हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांनी मोजला. मग खिडकीपाशी वाकल्या. "ही ती भेग. आम्ही तुमचे फोटो आधीच पाहिलेत. खरं सांगू? खूप हसलो. या मुलींनी तुमच्या घराचं नाव भेगांचं घर ठेवलंय. परवा राजाशेजारी तीच पट्टी दिसली, तेव्हा म्हटलं, हा माणूस देवाधर्मालाही पट्टी लावतो, याला एकदा बघायलाच हवं. बाकी ठिकाणी फोटोत महाल असतो आणि आत गेलं की गुहा. इथे उलटं आहे." मग त्यांचा आवाज गंभीर झाला. "पण आमचा धंदा पाय आपटण्याचा. ही भेग वाढणार नाही कशावरून?"

चंद्रमौळी एकदम ताठ झाले. उभ्या आयुष्यात इतका चांगला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते आत गेले आणि लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड असलेला तो अल्बम घेऊन आले. घर बांधलं त्या वर्षीची भेग आणि पट्टी. पुढच्या उगादीची भेग आणि पट्टी. समोरचा रस्ता खणला त्या वर्षीची. शेजारी बोअर मारली त्या वर्षीची, नुसती त्या दणक्याने कपाटातली भांडी पडली होती. मुली भोवती गोळा झाल्या. पानामागून पान उलटलं, पट्टी थोडी गंजत गेली, फोटो काळ्यापांढऱ्याचे रंगीत झाले, भेग केसभरही हलली नाही.

"असला पुरावा," ललितांबा सावकाश म्हणाल्या, "मला आजवर कुठल्याही घरमालकाने दिलेला नाही. माझ्या यजमानांना घेऊन उद्या सकाळी येते. विसार उद्याच देते, दशमीचा मुहूर्त आहे. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

"दुसरं कुणी नाहीच आहे," चंद्रमौळी म्हणाले. पंकजाम्मांनी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. खोटं जमत नाही म्हणजे जमत नाही.

पाहुणे गेले. पंकजाम्मांनी सर्वमंगलेला फोन लावला, "मिठाईवाल्याला सांग, डबा घरी घेऊन जा," एवढंच म्हणाल्या आणि हसताहसता रडू लागल्या. मग डोळे पुसून पूजेच्या ताटापाशी गेल्या. पट्टी उचलली, पदराने पुसली, तिला ठसठशीत कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. श्रीवत्स बाहुल्यांच्या पाया पडायला म्हणून आला होता. त्याने सगळं ऐकलं, गळ्यातली साखळी दोनदा फिरवली आणि विचारलं, "भावोजी, माझ्याकडे एक घर वर्षभर पडून आहे. तुम्ही जरा पट्टी घेऊन..."

"बघू," चंद्रमौळी म्हणाले. हा शब्द त्यांनी इतक्या सावकाश आणि इतक्या गोडीने याआधी कधी उच्चारला नव्हता.

दिवाळीनंतर कुवेंपुनगरच्या घरात गृहप्रवेशाला त्यांनी दूध उतू घालवलं. वेताचं स्टूल पारिजातकाखाली गेलं. आता त्यावर बसायची गरज नव्हती, म्हणून पंकजाम्मा त्यावर तासन्‌तास बसत. चंद्रमौळी म्हणाले, लेकीला पाठवायला एक फोटो काढू, तू दारात उभी राहा. त्यांनी मुद्दामच हात रिकामे ठेवले होते. आयुष्यात एक तरी प्रसन्न फोटो काढायचा, असा त्यांचा निश्चय होता.

पंकजाम्मा नवी साडी नेसून दारात उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि चंद्रमौळी बटण दाबणार तोच हात वर करून त्यांना थांबवलं.

"पट्टी कुठाय?"

"राहू दे की आज."

"राहू दे काय? आणा ती. इथे उंबऱ्याला टेकवून ठेवा," पंकजाम्मा म्हणाल्या. "लेकीला दिसायला नको, केवढंसं चढावं लागतं ते?"